तट कोणीं राखावा ?

अहमदाबाद शहराच्या तटाआंतील जुन्या वस्तीस जुलै २०१७ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारसा शहर म्हणून मान्यता दिली. भारतांतील दुसऱ्या कोणत्याहि शहरास तोंपर्यंत हा मान मिळालेला नव्हता. त्याबद्दल गुजराथेस आनंद झाला आणि तो योग्यच होता. परंतु त्या वस्तींत ज्याचें बिऱ्हाड आहे त्याच्या पदरांत या मानानें काय पडलें, आणि ज्याला तेथें नव्यानें बिऱ्हाड करावयाचें आहे त्यानें कोणता विचार करून पाऊल टाकावें, या प्रश्नांचा ऊहापोह मानपत्रांत होत नसतो. तो आज येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विषयांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, पूर्वजांनीं बांधलें तें सर्व उत्तम. त्याची एक वीटहि हलवूं नये. दुसरा म्हणतो कीं, हीं अंधारीं घरें व हे कोंदट बोळ म्हणजे दारिद्र्याचें अवशेष. ते पाडून मोकळे व्हावें. गंमत अशी कीं, पहिल्या पक्षांतील पुष्कळ मंडळी नदीपलीकडील नव्या पेठांत राहतात व सुटीच्या दिवशीं पाहुणे घेऊन जुनें शहर दाखवावयास येतात. आणि दुसऱ्या पक्षांतील पुष्कळांचें लक्ष घराच्या अंधाराकडे नसून त्याच्या जागीं उभ्या राहणाऱ्या वखारीच्या भाड्याकडे असतें. जो तेथें राहतो, पाणी भरतो, जिने चढतो आणि गळक्या छपराखालीं पावसाळा काढतो, त्यास दोन्ही पक्ष विचारीत नाहींत. आमचा हा लेख त्याच्यासाठीं आहे.

अहमदशहानें १४११ मध्यें साबरमतीच्या पूर्व तीरावर हें नगर वसविलें. पुढें महमूद बेगड्यानें पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यास तट घातला, असें परंपरा सांगते. तटाची भिंत आज बहुतेक ठिकाणीं उरलेली नाहीं; दिल्ली, कालुपुर, रायपुर, अस्तोडिया, जमालपुर वगैरे दरवाजे तेवढे रहदारीच्या ऐन मध्यभागीं उभे आहेत. भिंत गेली तरी आंतील वस्तीची ठेवण राहिली. या ठेवणीस तिकडे पोळ म्हणतात. अरुंद बोळाच्या तोंडाशीं एक दरवाजा, दरवाजावर पहारेकऱ्याची माडी, आंत दोन्ही बाजूंस एकमेकांस खेटून उभीं असलेलीं लांकडी कोरीव कामाचीं घरें, मध्येंच पांखरांस दाणे टाकण्यासाठीं खांबावर उभारलेला चबुतरा, एखादें देऊळ किंवा जैनांचें देरासर, आणि घरोघरीं बाहेर एक ओटा, असा हा संसार असतो. मुसलमानांच्या वस्तींतहि ठेवण बरीचशी हीच आहे.

प्रथम जमेची बाजू पाहूं. अहमदाबादचा वैशाख ज्यानें अनुभवला आहे त्याला उन्हाचें वर्णन सांगावयास नको. या उन्हावर जुन्या गवंड्यांनीं व सुतारांनीं जो तोड काढला तो विजेच्या यंत्रावर अवलंबून नव्हता. घर रुंदीला थोडें व खोलीला फार. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याच्या भिंतींस लागलेल्या. म्हणजे ऊन पडावयास जागाच थोडी. मध्यें चौक ठेवलेला, त्यांतून तापलेली हवा वर निघून जाते व खालीं गारवा राहतो. त्याच चौकाखालीं टांकें खणलेलें असतें. पावसाळ्यांत छपरावरील पाणी नळानें त्यांत उतरवावयाचें आणि वर्षभर पिण्यास वापरावयाचें, ही रीत पुष्कळ घरांत होती. कालव्याच्या व नळाच्या पाण्यावर निश्चिंत झालेल्या आजच्या पिढीनें, पावसाचें पाणी सांठविण्याच्या योजनांवर व्याख्यानें ऐकण्यापूर्वीं आजोबांच्या टांक्याचें झांकण एकदां उघडून पाहावें.

तिसरा गुण भूकंपानें सिद्ध केला. २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत भूकंप झाला तेव्हां अहमदाबादेंतील कित्येक नव्या बहुमजली इमारती कोसळल्या व त्यांत शेकडों माणसें मेलीं. विटांच्या भिंतींत लांकडाचे पट्टे व जोड घालून बांधलेलीं पोळवस्तींतील पुष्कळ घरें मात्र हादरा सोसून उभीं राहिलीं. जुनें म्हणजे कच्चें आणि सिमेंटचें म्हणजे पक्कें, हें समीकरण त्या दिवशीं खोटें ठरलें. घराचा पक्केपणा त्याच्या वयावर नसून त्याच्या बांधणीवर व निगेवर असतो, हा धडा त्यांतून घ्यावयाचा.

चौथा लाभ शेजाराचा. ओट्यावर कोणी ना कोणी बसलेलें असतें; पोरें वाहनांच्या भीतीवांचून बोळांत खेळतात; म्हाताऱ्या माणसाचें दार दोन प्रहरपर्यंत उघडलें नाहीं तर चौकशी होते. दुकान, देऊळ, मशीद, बाजार हीं पायीं जाण्याच्या अंतरावर असतात. २०२२ पासून घीकांटा व कालुपुर येथें मेट्रोचीं स्थानकें झालीं असल्यामुळें तटाआंत राहून दूरच्या नोकरीस जाणेंहि पूर्वीपेक्षां सुलभ झालें आहे. दहाव्या मजल्यावर राहून शेजाऱ्याचें नांवहि ठाऊक नसणें ही सुधारणेची परमावधि आहे, असें आम्ही मानीत नाहीं.

आतां खर्चाची बाजू. ती लपविण्यांत जुन्या शहराचें हित नाहीं. पहिली अडचण उजेडाची. ज्या अरुंदपणानें ऊन अडतें त्याच अरुंदपणानें प्रकाशहि अडतो. खालच्या मजल्यावर दिवसा दिवा लावावा लागतो आणि क्षयासारख्या रोगास अंधार व कोंदट हवा कशी मानवते तें सर्वांस ठाऊक आहे. दुसरी अडचण जिन्याची. हे जिने उभे व अरुंद असतात. आजाऱ्यास खालीं आणावयाचें तर चार माणसें लागतात आणि रुग्णवाहिका बोळाच्या तोंडाशींच थांबलेली असते. आगीचा बंबहि तेथपर्यंतच. शेकडों वर्षांचें वाळलेलें लांकूड, त्यावरून लोंबणाऱ्या विजेच्या तारा, आणि शेजारच्या घरांत कापडाची किंवा रसायनांची वखार, अशा ठिकाणीं एक ठिणगी काय करील याची कल्पना करवत नाहीं. तिसरी अडचण खर्चाची. कोरीव खांब वाळवीनें पोंखरला तर तसा खांब करणारा सुतार सहज मिळत नाहीं, मिळाला तर त्याची मजुरी परवडत नाहीं. घरमालकास सिमेंटची कांडी स्वस्त पडते आणि दर पावसाळ्यास घराचा एकेक अवयव असा बदलून जातो.

चौथी अडचण मालकीची. घर एक, वारस अनेक. कोणी मुंबईस, कोणी परदेशांत. सही एकाची मिळत नाहीं, पैसा दुसरा देत नाहीं. त्यांत भाडेकरू असला तर प्रकरण आणखी बिकट. १९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा अहमदाबादेसहि लागू झाला, कारण तेव्हां तें शहर मुंबई इलाख्यांतच होतें. महायुद्धानंतरच्या टंचाईंत गरीब भाडेकरूस रस्त्यावर येऊं न देण्याचा त्याचा हेतु स्तुत्य होता. परंतु भाडें गोठलें आणि चुन्याचा, लांकडाचा व मजुरीचा भाव चढत गेला. मालक म्हणाला, इतक्या भाड्यांत दुरुस्ती कशाची करूं; भाडेकरू म्हणाला, घर माझें नाहीं तर पैसा कां घालूं; आणि या वादांत छपरानें आपला निकाल आपणच लावला. पुण्याच्या व मुंबईच्या जुन्या वाड्यांची व चाळींची हकीकत आमच्या वाचकांस निराळी सांगावयास नको. एकाच कायद्याचीं हीं फळें दोन्हीं प्रांतांनीं चाखलीं आहेत.

या चारहि अडचणी विटालांकडांच्या आहेत. पांचवी मनाची आहे, आणि आमच्या मतें तीच सर्वांत मोठी. पोळीचा दरवाजा चोरास जसा बंद होता तसाच परक्या जातीच्या व परक्या धर्माच्या माणसासहि बंद होता. पुष्कळ पोळी एकेका जातीच्या किंवा धंद्याच्या माणसांनीं वसविलेल्या. तेथें घर विकावयाचें तें आपल्यांतच, असा दंडक असे. ज्या शेजाराचें आम्हीं वर कौतुक केलें, तोच शेजार विधवेच्या पातळाचा रंग, सुनेची बाहेर जाण्याची वेळ आणि मुलीचें शिक्षण यांवरहि नजर ठेवीत असे. १९६९, १९८५ व २००२ सालच्या दंगलींनीं या शहराचे किती हाल केले तें प्रसिद्धच आहे. संचारबंदींत दिवसचे दिवस कोंडून पडण्यास कंटाळून कित्येक कुटुंबें नदीपलीकडे गेलीं. पुढें १९९१ च्या कायद्यानें अशांत म्हणून ठरविलेल्या भागांत कलेक्टरच्या परवानगीवांचून घर विकण्यास बंदी घातली. भीतीनें घरें कवडीमोलानें विकलीं जाऊं नयेत हा त्यांतील उद्देश समजण्यासारखा आहे. परंतु औषधच आहार होऊन बसलें म्हणजे जें होतें तें येथेंहि झालें आहे. दोन धर्मांचे लोक शेजारीं राहूं नयेत या इच्छेस अशा कायद्याचा आधार मिळत असेल, तर दगडाचा तट पडून कागदाचा तट उभा राहिला असेंच म्हणावें लागेल.

तेव्हां जुनें तेवढें सोनें म्हणणाऱ्यांस आमचें सांगणें असें कीं, याच शहराच्या इतिहासांत आपल्या मताचें उत्तर आहे. अहमदाबादेंत पहिली कापडाची गिरणी काढणारे रणछोडलाल छोटालाल हे म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष असतांना त्यांनीं १८९० च्या सुमारास नळाचें पाणी व भुयारी गटारें यांची योजना हातीं घेतली. तिला विरोध झाला तो परक्यांकडून नव्हे, तटाआंतील नागरिकांकडूनच. कराची धास्ती होती, नळाच्या पाण्याविषयीं शंका होती, आणि आजवर चालले तें पुढेंहि चालेल हा नेहमींचा आळस होता. रणछोडलाल विरोधापुढें वांकले नाहींत. ज्या वस्तीच्या प्राचीनपणाचा आज गौरव होतो ती आज राहण्यास योग्य आहे, याचें श्रेय पुष्कळ अंशीं त्या गटारांस आहे. प्राचीन वस्तु टिकते ती तिला हात न लावल्यानें नव्हे, योग्य वेळीं योग्य हात लावल्यानें.

आतां पाहुण्यांविषयीं दोन शब्द. १९९७ च्या नोव्हेंबरांत कालुपुरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत जुनें शहर पायीं दाखविण्याचा उपक्रम सुरू झाला. मंदिरापासून निघून मशिदीपाशीं संपणारी ही वाट कल्पिणारास आम्ही धन्यवाद देतों. तेव्हांपासून पाहुण्यांचा ओघ वाढला. कांहीं घरमालकांनीं माड्या दुरुस्त करून त्या प्रवाशांस राहावयास देण्यास आरंभ केला. संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत गच्च्या भाड्यानें जाऊं लागल्या. यांत वाईट कांहीं नाहीं. चार पैसे मिळाल्यानें छपर शाकारलें जात असेल तर तें उत्तमच. प्रवाशासहि हॉटेलाच्या एकसारख्या खोलीपेक्षां येथें कितीतरी शिकावयास मिळतें. पहांटे चबुतऱ्यावरील पांखरांचा गलबला ऐकून जागें होणें हा लाभ लहान नाहीं. मात्र त्यानें हें लक्षांत ठेवावें कीं, तो प्रदर्शनांत उतरलेला नसून कोणाच्या तरी दारांत उतरला आहे. ओट्यावर निवडण टिपणाऱ्या बाईचें चित्र तिला न विचारतां घेणें, रात्रीं उशिरा बोळांत गोंगाट करणें, ही असभ्यता आहे. आणि म्युनिसिपालिटीनें हें लक्षांत ठेवावें कीं, पोळींतील शेवटचा रहिवासी निघून जाऊन सर्व घरांच्या धर्मशाळा झाल्या, तर पाहुण्यास दाखवावयास तेथें नक्षी राहील, नगर राहणार नाहीं.

एवंच, जमा व खर्च दोन्हीं मोठीं आहेत. मग निवाडा काय? आमच्या मतें या जमाखर्चांत एक नोंद चुकीच्या खात्यावर पडत आली आहे. पोळवस्तीचा जो लाभ आहे, म्हणजे शहराचा लौकिक, प्रवाशांचा पैसा, सरकारचा मान, तो सर्वांच्या खातीं जमा होतो. आणि जो भार आहे तो एकट्या रहिवाशाच्या नांवें खर्च पडतो. ही नोंद दुरुस्त केल्यावांचून वारशाच्या गप्पा व्यर्थ होत.

या दुरुस्तीचा दाखला शोधावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अहमदाबाद पेशवे व गायकवाड यांच्या ताब्यांत होतें. दोन धन्यांच्या त्या अमलांत वसुलाकडे जितकें लक्ष होतें तितकें तटाकडे नव्हतें, हें मराठी पत्रकारांनीं तरी झांकून ठेवूं नये. १८१७-१८ मध्यें कंपनीचा अंमल बसला तेव्हां तट ठिकठिकाणीं ढांसळला होता. पुढें १८३० नंतरच्या चार-पांच वर्षांत शहरांत येणाऱ्या तुपासारख्या मालावर जादा जकात बसवून त्या पैशांतून तटाची दुरुस्ती करण्यांत आली. त्या निधीची व्यवस्था पाहण्यासाठीं जी कमिटी नेमिली गेली तिच्यापासूनच पुढें अहमदाबादची म्युनिसिपालिटी उदयास आली. ज्या म्युनिसिपालिटीचें अध्यक्षपद पुढें वल्लभभाई पटेल यांनीं, आणि त्यांच्यामागून मूळचे रत्नागिरीकडील दादासाहेब मावळंकर यांनीं भूषविलें, तिचा जन्म भिंतीच्या डागडुजींतून झालेला आहे. तूप खाणारा प्रत्येक नागरिक त्या भिंतीचा वांटेकरी होता. माझें घर तटापासून लांब आहे, मीं कां द्यावें, असें म्हणण्यास त्यांत जागा नव्हती.

आज तट नाहीं. आज जीं घरें उभीं आहेत तींच तट आहेत. मग तटाच्या दुरुस्तीस जो न्याय लागला तो घरांच्या दुरुस्तीस कां लागूं नये? नदीपलीकडील मनुष्य म्हणेल कीं, दुसऱ्याच्या खासगी घराच्या खांबासाठीं माझ्या कराचा पैसा कां? त्यास आमचें उत्तर सरळ आहे. तें घर खासगी आहे तर तें पाडण्यास मालकास मना करण्याचा अधिकार तुम्हांस कोठून आला? मना करावयाची असेल तर त्या मनाईची किंमतहि समाजानें भरली पाहिजे. सत्ता सार्वजनिक आणि खर्च खासगी, हा न्याय नव्हे. वारसा म्हणून नोंदलेल्या घराच्या मालकास न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकतां यावा, अशी तरतूद म्युनिसिपालिटीनें केली आहे व तिचें तत्त्व आम्हांस मान्य आहे. पण अशा तरतुदीचा उपयोग वकील व दलाल ठेवूं शकणाऱ्यास आधीं होतो आणि विधवेस किंवा सात वारसांत विभागलेल्या कुटुंबास शेवटीं. तेव्हां पोळीच्या तोंडाशींच असें एखादें कार्यालय असावें कीं जेथें अर्ज भरून मिळेल, सुतार व गवंडी यांची नांवनिशी मिळेल, आणि दुरुस्तीस अल्प व्याजानें कर्ज मिळेल. विजेच्या तारा जमिनींत घालाव्या. स्फोटक व ज्वालाग्राही मालाच्या वखारी तटाबाहेर काढाव्या. बोळांत शिरेल असा लहान बंब ठेवावा. सुतारांच्या मुलांस जुनी कारागिरी शिकविण्याची सोय करावी. पाहुण्यांकडून जें उत्पन्न होतें त्यांतील ठराविक भाग पोळीच्या गटारांवर व दिव्यांवरच खर्ची पडावा. यांतील कोणतीहि गोष्ट अशक्य कोटींतील नाहीं.

समाजानें हा भार उचलावा असें म्हणतांना रहिवाशांसहि त्यांचें देणें सांगितलें पाहिजे. सार्वजनिक पैशानें राखलेल्या पोळीचा दरवाजा सार्वजनिकच असला पाहिजे. ज्या घरास शहरानें छपर घातलें तें घर भाड्यानें देतांना जात विचारणें, एकट्या नोकरी करणाऱ्या स्त्रीस जागा नाकारणें, परधर्मीयाचें नांव ऐकतांच दार लोटणें, हें चालूं देतां कामा नये. मदत हवी आणि मोकळीक नको, असें ज्या पोळीचें म्हणणें असेल तिनें आपल्या भिंती आपण सांवराव्या.

जुन्या शहरांत घर घेऊं इच्छिणारास शेवटीं आम्ही इतकेंच सांगूं. घर पावसाळ्यांत पाहा, हिंवाळ्यांत नव्हे. तुळईचें टोंक भिंतींत जेथें शिरतें तेथें ठोकून पाहा. टांक्याचें झांकण उघडून पाहा. सर्व वारसांच्या सह्या घ्या. गाडी दारापर्यंत येणार नाहीं हें गृहीत धरा. आणि मग शेजाऱ्याच्या ओट्यावर घटकाभर बसून या. तुमच्या घरांतील मुलीस तेथें मान वर करून वावरतां येईल, असें तुमचें मन तेथें बसून म्हणालें तर तें घर खुशाल घ्या. अंधाराला दिवा लावतां येतो आणि वाळवीला औषध आहे. पण तसें मन म्हणालें नाहीं, तर नक्षी कितीहि सुंदर असो, नमस्कार करून परत फिरा.

नगर हें दगडालांकडांचें नसून माणसांचें असतें, हें वाक्य सर्वांस पाठ आहे. परंतु माणसांनीं राहावें अशी इच्छा असेल तर त्यांच्या डोक्यावरील छपराचा हिशेब कोणीतरी ठेवला पाहिजे. दोनशें वर्षांपूर्वीं ज्या शहरानें तुपावर जकात बसवून सर्वांचा तट सर्वांच्या पैशानें उभा केला, त्या शहरास हा हिशेब नव्यानें शिकवावा लागूं नये.